मेंब्रेन मी सुकवली, बाळारामदादा

परवा कँटीनमध्ये तुमची शोकसभा झाली, बाळारामदादा. टेबलं भिंतीला लावली, तुमच्या आयकार्डावरचा फोटो मोठा करून खुर्चीवर ठेवला आणि त्याला हार घातला. तो फोटो किती वाईट आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच तो लोकांना दाखवून हसवायचात. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग साहेब बोलले. तुमच्या तीस वर्षांच्या नोकरीबद्दल बोलले, तुम्ही कधी उशिरा आला नाहीत त्याबद्दल बोलले आणि शेवटी म्हणाले, "ती एक मेंब्रेनची चूक सोडली, तर या माणसाला नावं ठेवायला जागा नव्हती." लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही डोलावली.

तेव्हापासून मला तुमचा राग येतोय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. तुम्ही जिवंत होतात तेव्हाच रागवायला हवं होतं, पण तेव्हा माझी हिंमत झाली नाही. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, हसून विषय बदलू शकत नाही, "चला मॅडम, च्या घेऊ" म्हणू शकत नाही. म्हणून आता सगळं ऐकून घ्या.

मी या कारखान्यात आले तेव्हा मला ईटीपीत टाकलं. कारखान्याचं सांडपाणी साफ करायचा विभाग, म्हणजे ज्याच्यावर कोणाचा डोळा नाही अशी जागा. अंबरनाथच्या कुठल्याही कारखान्यात जा, पाहुणे आले की त्यांना सगळं दाखवतात आणि ईटीपीच्या अलीकडून परत फिरवतात. तिथे तुम्ही होतात. पालेगावचे, शाळेत आठवीपर्यंत गेलेले, तोंडात कायम बडीशेप. मी बदलापुरातून नवी कोरी पदवी घेऊन आलेली, पांढरा कोट घालून. तुम्ही मला आपादमस्तक बघितलंत आणि म्हणालात, "मॅडम, ह्यो कोट हितं दोन दिस टिकल."

एक दिवस टिकला. पण मुद्दा तो नाही. आपल्याकडे मशीन शॉपचं पाणी यायचं. लोखंड कापताना पात्यावर जे कूलंट सोडतात ते, दुधासारखं पांढरं. त्यात तेल असतं, पण वर तरंगत नाही. इतकं बारीक होऊन पाण्यात मिसळलेलं असतं की दिवसभर टाकीत ठेवलं तरी वेगळं होत नाही. मी प्रयोगशाळेत सॉल्व्हंट घालून, हलवून, वाळवून, वजन करून दोन तासांनी सांगायचे की तेल किती आहे. तुम्ही एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकायचात, सुकू द्यायचात आणि उजेडासमोर धरायचात. डाग पारदर्शक राहिला की तेल आहे. भज्याच्या कागदाला जे दिसतं तेच. "तुमचं मशीन दोन तास घेल," तुम्ही म्हणायचात, "ह्यो पेपर ताबडतोब सांगतो." मी म्हणायचे, ऑडिटला पेपर चालत नाही. तुम्ही म्हणायचात, नाल्याला ऑडिट कळत नाही. हा वाद आपण पाच वर्षं घातला आणि तुम्ही कधी हरला नाहीत, याचाही मला राग आहे.

ते पाणी चुना आणि तुरटी घालून कसंबसं निवळायचं, गाळाची पोती भरायची आणि उरलेलं पुढे जायचं. तुमची पालेगावात एक पट्टी उरली होती. बाकीच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत तुमचाच फ्लॅट. पण नाल्याकाठची ती पट्टी तुम्ही विकली नाहीत. पावसाळ्यात भात, नंतर वाल, उन्हाळ्यात भेंडी. हौस म्हणून, असं सांगायचात. नाला भरला की रोपांच्या बुडाशी तेलाची कडा चिकटायची. आपल्या एकट्याच्या कारखान्याचं ते तेल नव्हतं, पण आपलं त्यात नव्हतं असंही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. एकदा तुम्ही त्यातलं एक रोप उपटून आणलंत आणि माझ्या टेबलावर, माझ्या रिपोर्टवर ठेवलंत. बोलला काहीच नाहीत. तुमची ती न बोलायची सवय तेव्हा मला फार थोर वाटली होती.

मग आपल्याला खूळ लागलं. मी कुठेतरी मेंब्रेनबद्दल वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं की एक असा पडदा असतो ज्याच्या भोकांतून पाणी जातं आणि तेल अडकतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी मला उल्हासनगरला नेलंत, कॅम्प तीनला, शेअर रिक्षातून, कापडं बघायला. जीन्सचं जाड कापड, अस्तर, नायलॉन, जे मिळेल त्याचा तुकडा. सिंधी दुकानदाराने विचारलं, "दादा, क्या सिलवाना है?" तुम्ही म्हणालात, "सिलाना नहीं है सेठ, पानी छानना है." तो माझ्याकडे वळला. "बहनजी, पानी के लिए जीन्स? घर में छन्नी नहीं है क्या?" आपण पिशवीभर तुकडे आणले आणि आठवडाभर पांढरं पाणी गाळत बसलो. प्रत्येक कापडातून ते पांढरंच खाली उतरलं. तेलाचे थेंबच इतके बारीक की कुठल्याही विणीतून सहज निसटतात. तुम्ही सगळे तुकडे दोरीवर वाळत घातलेत आणि म्हणालात, "सेठ बरोबर बोलला." किती वर्षांनी मी कामावर इतकी हसले होते.

खरी मेंब्रेन दीड वर्षाने आली. चाचणीसाठी म्हणून, माझ्या चार अर्जांनंतर. स्टीलच्या दोन नळकांड्या आणि आत पांढऱ्या दोऱ्यांचे जुडगे, वाळत घातलेल्या शेवयांसारखे. प्रत्येक दोरा आतून पोकळ आणि त्याच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी भोकं. पांढरं पाणी आत सोडायचं, भिंतीतून नितळ पाणी बाहेर येणार, तेल आतच राहणार. पहिल्या दिवशी तुम्ही तो थेंब कागदावर टाकलात, सुकवलात, उजेडासमोर धरलात. डाग नव्हता. तुम्ही कागद उलटा करून पाहिलात, मग दुसऱ्या पानावर पुन्हा थेंब टाकलात. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दादा. तुम्ही बडीशेप लागली म्हणालात आणि मी मान्य केलं.

कंपनीचा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून गेला होता. काहीही करा, पण ही सुकू देऊ नका. कायम पाण्यात बुडलेली हवी. एकदा सुकली की भोकं मिटतात, पुन्हा पाणी सोडत नाही. तुम्ही ते मनावर घेतलंत. सुट्टीच्या दिवशी पालेगावातून मोटरसायकलवर यायचात, नळकांडी भरलेली आहे की नाही एवढं बघायचात आणि परत जायचात. लोक म्हणायचे, बाळारामला कारखान्यात दुसरी बायको मिळाली. यमुनावहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, असू दे, ही तरी पान्यात राहते.

होळीपासून दसऱ्यापर्यंत ती चालली. तेवढेच महिने. त्या महिन्यांत आपलं खरं भांडण झालं ते भेंडीवरून. तुम्ही गाळलेलं पाणी कॅनमधून घरी नेऊन पट्टीवर घातलंत. मला कळल्यावर मी तुम्हाला सगळ्यांसमोर झापलं. "तेल नाय ना त्याच्यात?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, तेल नाही म्हणजे काहीच नाही असं नसतं, क्षार आहेत, कूलंट सडू नये म्हणून घातलेली औषधं आहेत. "मंग तुमी इतके महिने नाचताव कशाला?" तुम्ही म्हणालात. पुढच्या आठवड्यात तुम्ही पिशवीभर भेंडी आणलीत, खाऊन बगा म्हणालात. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, छान झाली होती. मी ती शिजवलीच नव्हती, दादा. हेही सांगून टाकते, म्हणजे नंतर पुन्हा सांगायला नको.

आता खंडेनवमी. ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय तो दिवस.

आपल्याकडे खंडेनवमीला प्रत्येक मशीन धुऊनपुसून लखलखीत करतात. हळदकुंकू, झेंडूचे हार, रांगोळी, आणि मग मोठे साहेब प्रत्येक विभागात येऊन नारळ फोडतात. ईटीपीत ते कधीच येत नसत. त्या वर्षी मी ठरवलं होतं की येतील. आमची मेंब्रेन बघतील. तुमच्या घरी नवमीचा कुळाचार होता, म्हणून तुम्ही रजा घेतली होती. आदल्या संध्याकाळी निघताना दारातून वळून तुम्ही मला सांगितलंत, "मॅडम, पूजा झाली की पान्यानं भरून ठेवा. हार ऱ्हाऊ दे, पानी आधी." मी म्हटलं, हो हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कँटीनच्या बायकांनी स्टँडखाली इतकी सुंदर रांगोळी काढली आणि नळकांड्याच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी तिच्यावर पडायला लागलं. रांगोळीतला मोर विरघळायला लागला. मोठे साहेब यायला अर्धा तास. मी स्वतः खालचा व्हॉल्व्ह उघडला. दोन्ही नळकांड्या पूर्ण रिकाम्या केल्या, झाकणं काढली, आतले जुडगे दिसावेत म्हणून तशीच उघडी ठेवली आणि स्टील मऊ कपड्याने पुसलं. एक थेंब राहू दिला नाही. मला अगदी घरच्या देव्हाऱ्यासारखं वाटत होतं, म्हणजे आपण किती नीट करतोय असं. मोठे साहेब आले, वाकून बघितलं, "व्हेरी गुड" म्हणाले, फोटो झाले, पेढे झाले. चार वाजता मी पेढ्याचा डबा घेऊन बदलापूरला घरी गेले. मध्ये दसरा, शनिवार, रविवार. उघड्या नळकांड्या तीन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात.

मुद्दाम नाही केलं. पण नकळतही नाही, मला नियम पाठ होता. मी विसरले. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

सोमवारी मी नऊला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तुम्ही सातला आलात, पाहिलंत, पाणी भरलंत, पंप लावलात, आणि दाबाचा काटा वर चढला पण पाणी आलं नाही. तुम्हाला लगेच कळलं असणार की हे कोणी केलं. आणि तुम्ही काय केलंत, तर तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलात आणि "सर, मी भरायचा विसरलो" म्हणून सही करून आलात. रजेवर असलेला माणूस. तुम्ही सांगितलंत की मी पूजेनंतर येऊन भरणार होतो, ती माझी जबाबदारी होती. साहेबांना ते सोयीचं होतं. त्यांनी विचारलंही नाही.

मी तुम्हाला टाकीच्या मागे गाठलं. कोणी सांगितलं होतं तुम्हाला, मी विचारलं.

"तुमची ऑर्डर निघायची हाय ना, या महिन्यात?"

निघायची होती. ईटीपी इन्चार्ज म्हणून बढतीची. त्या खुर्चीवर बसणारी पहिली बाई म्हणून माझी किती चर्चा चालली होती हे तुम्हाला माहीत होतं.

"माझं काय जातंय, बाय," तुम्ही म्हणालात. "मी पर्मनंट हाय. दोन दिस बोलतील, गप बसतील."

मला तुम्ही कधी बाय म्हणाला नव्हतात. मी रडले, आणि त्या रडण्यात मला सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

आपण तीन दिवस तिला भिजवली. साध्या पाण्यात, मग स्पिरिटमध्ये. थोडं ठिबकलं, बस. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "ड्राय झाली? मग विसरा." आणि तुमचा तो अंदाज, दोन दिवस बोलतील. साहेबांनी रिपोर्टात लिहिलं की इतकी नाजूक वस्तू आपल्या ऑपरेटरच्या हाती देण्यासारखी नाही. चाचणी बंद झाली. पुन्हा चुना, पुन्हा तुरटी, पुन्हा पोती. तुम्हाला गेटजवळच्या स्क्रॅप यार्डात टाकलं. माझी ऑर्डर निघाली.

चार वर्षं झाली, दादा. तुम्ही पाण्याची बाटली उचललीत की कोणीतरी विचारायचं, "बाळाराम, भरलीस का?" आणि सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. मी ऐकायचे. एकदा तर ऐकून मीही हसले, कारण न हसणं विचित्र दिसलं असतं. एकदा तुम्ही यार्डातून माझ्या केबिनमध्ये आलात, विचारलंत, "आता पानी कसं जातं?" मी म्हटलं, लिमिटमध्ये. तुम्ही खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढलात आणि टेबलावर ठेवून गेलात. त्यावर रुपयाएवढा पारदर्शक डाग होता.

तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतंत. मला सांगायला हवं होतंत की आता तुझी ऑर्डर निघाली, आता जा आणि खरं सांग. तुम्ही मोठेपणा घेतलात आणि मला त्याच्याखाली ठेवून गेलात. तुम्हाला कोणी विचारलं होतं का, की या बाईला वाचवायचं आहे का? मी लहान नव्हते. साहेबांचं बोलणं मी खाल्लं असतं, फार तर ऑर्डर लांबली असती. मग चाचणी पुन्हा मागता आली असती. मॅडमच्या हातून झालेली चूक म्हणजे पद्धत सुधारा. ऑपरेटरच्या हातून झाली म्हणजे वस्तूच नको. हे तुमच्या लक्षात आलं नाही. तुमच्या भलेपणाने मेंब्रेन गेली, माझ्या पुसण्याने नाही, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले.

ते खोटं आहे. व्हॉल्व्ह मी उघडला. भित्री मी होते आणि तुम्ही ते ओळखलंत, आणि ओळखूनही माझ्याशी तसेच वागलात. त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला गेले असते तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

काल पालेगावला गेले. तुमचे दिवस झाले होते, पाहुणे पांगले होते. यमुनावहिनी एकट्याच होत्या, वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. रांगोळी, व्हॉल्व्ह, पेढे, सगळं. माझं सांगून झालं तरी त्यांचा हात थांबला नाही.

"माला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी."

मी म्हटलं, मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

"मी कशाला बोलू? तुमी बोलायचं व्हतं." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "आमच्या पोरीच्या लग्नात तुमी आलात. तिच्या सासरची मानसं त्यांना मेंब्रेनवाला बोलून हसत व्हती, तुमच्या बाजूलाच. मी वाढायला आले तवा तुमच्याकडं बगत व्हते. वाटलं, आता बोलंल. तुमी आजून एक पुरी मागितलीत."

मला ती पुरी आठवते, दादा. गरम होती.

माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "ते नंतर बगू. त्यांचं नाव जितं लिवलंय, तितं आधी तुमचं लिवा." चहा विचारला नाही. पालेगावात पहिल्यांदा मी चहा न घेता उठले.

आज सकाळी साडेसातला आले. एका कागदावर लिहिलं: खंडेनवमीला मेंब्रेनमधलं पाणी मी काढलं, ती मी सुकवली, बाळाराम त्या दिवशी रजेवर होते आणि त्यांनी मला पाणी भरून ठेवायला सांगितलं होतं. खाली नाव, हुद्दा, सही. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी कँटीनच्या नोटीस बोर्डावर लावली, जिथे तुमच्या शोकसभेची सूचना अजून होती. पहिल्या शिफ्टची माणसं चहाला येऊन वाचत होती. कोणी मोठ्याने वाचलं नाही. दोघं जण मागून येऊन म्हणाले, मॅडम, काढून टाका, आता त्या माणसाला काय फरक पडतोय. मी काढला नाही.

साहेबांनी अकराला बोलावलंय. अकराला पाच कमी आहेत. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्या केबिनमध्ये अशी जातेय की माझ्या आधी कोणी आत जाऊन माझ्यासाठी खोटं बोलून आलेलं नाही. आणि तुम्ही नाही आहात, दादा, याचा मला भयंकर राग येतोय.